पत्ता बदलला, फी नाही

१९७१ साली कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात शिकणाऱ्या तरुणीचं लग्न ठरलं. मुलगा जन्मापासून कनेक्टिकटचा, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा. लग्नानंतर तिकडेच राहायचं म्हणून तिने कॅलिफोर्नियातूनच कनेक्टिकट विद्यापीठाकडे ट्रान्सफरचा अर्ज केला. मे महिन्यात प्रवेश मिळाला, जूनमध्ये लग्न झालं आणि जोडपं स्टॉर्स या विद्यापीठाच्या गावी राहायला आलं. तिने कनेक्टिकटचं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, गाडीची नोंदणी तिथे केली, मतदार यादीत नाव घातलं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने तिला ‘गाव कोणतं गं तुझं?’ असं विचारलं असतं तर आजीला उत्तर आधीच ठाऊक असतं : सासर. विद्यापीठाला मात्र ते मान्य नव्हतं. अर्ज केला त्या दिवशी पत्ता कॅलिफोर्नियाचा होता, म्हणजे तू बाहेरची; आणि पदवी हातात पडेपर्यंत बाहेरचीच.

या ‘बाहेरची’ची किंमत अशी. पहिल्या सत्रात कनेक्टिकटच्या विद्यार्थ्याला फी शून्य होती, तिला १५० डॉलर आणि त्यावर बाहेरचेपणाचे २०० डॉलर. दुसऱ्या सत्रात स्थानिकांना १७५, तिला ४२५ अधिक २००. वर्षाचा भुर्दंड ८०० डॉलर. त्या काळी ही रक्कम किरकोळ नव्हती, पण तिला जास्त खुपला असावा तो नियमाचा हेका. लग्न झालेल्या विद्यार्थ्याचा अर्जाच्या वेळचा पत्ता परराज्यातला असेल तर तो संपूर्ण शिक्षणभर परराज्यातला, असं कायदाच सांगत होता. काहीही पुरावा आणा, ऐकून घेणारं कुणी नव्हतं. ओहायोहून आलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीसह ती न्यायालयात गेली. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाचे संचालक व्लँडिस प्रतिवादी होते आणि तिचं आडनाव क्लाइन, म्हणून खटल्याचं नाव ‘व्लँडिस विरुद्ध क्लाइन’. ११ जून १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला : माणसावर कायमचा शिक्का मारायचा आणि तो पुसायची संधीच द्यायची नाही, हे राज्यघटनेत बसत नाही.

निकालाचा दुसरा भाग मात्र तिच्यासारख्यांना फारसा सुखावणारा नव्हता. राज्याने आपल्या रहिवाशांना फीमध्ये सवलत द्यायला न्यायालयाची ना नव्हती. खरा रहिवासी कोण हे तपासायला वाजवी निकष लावायलाही नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी मिनेसोटातल्या एका प्रकरणात ‘आधी वर्षभर राज्यात राहा, मग स्थानिक फी मागा’ हा नियम न्यायालयाने उचलून धरलाच होता. तेव्हापासून आजपर्यंत गाडी याच दोन रुळांवर चालली आहे. शिक्का कायमचा नसावा, पण पुसण्यासाठी विद्यार्थ्याने किमान वर्षभर झटावं.

मुळात दोन फी का? अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे तो विषय राज्यांकडे आला. १८६२ च्या मॉरिल कायद्यानुसार केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या. त्या विकून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढा म्हणून सांगितलं. आज ज्यांना आपण मोठी सरकारी विद्यापीठं म्हणून ओळखतो, त्यातली कितीतरी या कायद्याची अपत्यं आहेत. पुढचा खर्च राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या खिशातून. ज्यांनी कर भरला त्यांच्या मुलांना कमी फी, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. प्रत्यक्षात तो अर्धाच खरा आहे. कुठलंही रजिस्ट्रार ऑफिस ‘तुम्ही किती कर भरला’ असं विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी राज्यात आलेल्या सुखवस्तू कुटुंबाचा मुलगा स्थानिक ठरतो. शिकता शिकता हॉटेलात काम करून चार वर्षं तिथला आयकर आणि विक्रीकर भरणारी परराज्यातली मुलगी शेवटपर्यंत बाहेरची राहू शकते.

आता रकमा ८०० डॉलरच्या राहिलेल्या नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाने, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो वगैरे दहा कॅम्पस मिळून जी संस्था आहे तिने, २०२४-२५ साली बाहेरच्या पदवी विद्यार्थ्यांकडून नेहमीच्या फीवर वर्षाला सुमारे ३४,००० डॉलर जास्तीचे घेतले. चार वर्षांचा हिशेब केला तर सव्वा लाख डॉलरच्या वर फरक पडतो. त्यातही २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी विद्यापीठांचं अनुदान कापलं आणि बाहेरचा विद्यार्थी हा पाहुणा न राहता उत्पन्नाचा झरा झाला. विद्यापीठं त्याला हौसेने बोलावू लागली. मग स्थानिक पालकांनी आरडाओरडा केला की आमच्या मुलांच्या जागा विकल्या जातायत, आणि २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाला बाहेरच्यांच्या प्रमाणावर १८ टक्क्यांची मर्यादा घालून घ्यावी लागली; ज्या कॅम्पसवर प्रमाण आधीच जास्त होतं, तिथे ते होतं तिथेच गोठवलं गेलं.

एवढे पैसे पणाला लागल्यावर कुणीही विचारणारच : एखाद्या राज्यात जाऊन वर्षभर राहिलं आणि मग स्थानिक झालं, तर काय हरकत आहे? हरकत आहे, आणि इथेच हा विषय खरा रंगतो.

स्थानिक ठरण्यासाठी कॅलिफोर्निया तीन गोष्टी मागतं. पहिली, सत्र सुरू होण्याआधीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत एक वर्षाहून जास्त काळ, म्हणजे किमान ३६६ दिवस, राज्यात प्रत्यक्ष वास्तव्य. दुसरी, इथेच कायमचं राहण्याचा इरादा. तिसरी, आईवडील राज्याचे रहिवासी नसतील आणि विद्यार्थी चोविसाच्या आत असेल, तर सहसा आर्थिक स्वावलंबन. दिवस मोजता येतात. स्वावलंबन आयकराच्या विवरणपत्रावरून कळतं : आईवडिलांनी तुम्हाला आपल्यावर अवलंबून दाखवलंय का, तुमचा खर्च कोण करतं. पण इरादा ही मनातली गोष्ट. ती मोजायची कशी? म्हणून कागद आले. ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, राज्याचं आयकर विवरणपत्र, भाडेकरार, बँकेचं खातं, मतदार नोंदणी. यातला एकही कागद एकट्याने पुरेसा नाही आणि सगळे मिळूनही पुरतीलच असं नाही. जुन्या राज्याशी असलेले धागे तुटलेत का, हेही बघितलं जातं. नवीन लायसन्स काढलं, पण गाडी अजून वडिलांच्या गावच्या नंबरप्लेटवर फिरतेय, उन्हाळ्याची सुट्टी तीन महिने तिकडेच काढलीय, संपलं.

आणि या सगळ्यावर एक गृहीतक उभं असतं, जे बहुतेक राज्यांच्या नियमांत या ना त्या शब्दांत सापडतं : मुख्यतः शिकायला आलेला माणूस रहिवासी होत नाही. म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थी असणं हाच विद्यार्थ्याविरुद्धचा पुरावा. तुम्ही वर्गात नियमित बसलात, सत्रामागे पंधरा क्रेडिट घेतलीत, तर तुम्ही इथे शिक्षणासाठीच आलात हे सिद्ध झालं. तोच मुलगा वर्षभर गोदामात खोकी उचलून मग कॉलेजात आला असता, तर त्याचा इरादा कायमचा ठरण्याची शक्यता जास्त. मला यात राज्यांचा कावा दिसत नाही. तिजोरी राखायची म्हटल्यावर असला काहीतरी आडाखा बांधावाच लागतो. पण अभ्यासू मुलाला अभ्यासाची शिक्षा होते, हेही खरंच.

सगळी राज्यं इतकी करडी नाहीत. मिसुरी आणि युटा ही नावं या बाबतीत विद्यार्थ्यांच्या तोंडी नेहमी येतात. मिसुरीत पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळाही तिथेच काढला, राज्यात किमान २,००० डॉलर कमावून त्यावर कर भरला आणि बाकी कागद नीट ठेवले, तर दुसऱ्या वर्षापासून स्थानिक फी लागू शकते. युटातही बारा महिने सलग राहून स्थानिक होण्याचा रस्ता विद्यार्थ्यांना खुला आहे. लोकसंख्या हवी असलेल्या राज्याचा आणि गर्दीने हैराण झालेल्या राज्याचा स्वभाव सारखा कसा असेल?

ट्रान्सफरच्या विद्यार्थ्याची गंमत अशी की त्याच्यासमोर दोन खिडक्या असतात आणि दोन्हीकडे त्याचं सामान तपासलं जातं. एका खिडकीवर विचारतात, किती शिकून आलास? दुसरीवर विचारतात, कुठून आलास?

पहिल्या खिडकीचं चलन म्हणजे क्रेडिट. साधारण तीन क्रेडिटचा एक विषय आणि सत्र पद्धतीत पदवीसाठी १२० क्रेडिट. ही मोजणी मुळात शिकणं मोजायला आलीच नव्हती. १९०६ साली कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांच्या पेन्शनची योजना आखली, तेव्हा कुठल्या संस्थेला कॉलेज म्हणायचं हे ठरवण्यासाठी तासांचं एक माप लागलं. ते माप पुढे सगळीकडे रुजलं. माप एक झाल्यामुळे एका कॉलेजातले तास दुसऱ्यात नेता येतील, ही कल्पना शक्य झाली. तिच्या थोडं आधी, १९०१ मध्ये, शिकागोजवळच्या जोलिएट गावात हायस्कूलच्याच छपराखाली पदवीची पहिली दोन वर्षं शिकवायला सुरुवात झाली होती. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा त्यामागे हात होता. सुरुवातीची दोन वर्षं गावात, पुढची विद्यापीठात, हा विचार. जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही चालू आहे, आणि त्याच्या वंशावळीत देशभरची कम्युनिटी कॉलेजं येतात.

या वंशवेलाला सर्वांत मोठा मांडव घातला तो कॅलिफोर्नियाने. १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये, ज्याचे शिल्पकार म्हणून क्लार्क कर यांचं नाव घेतलं जातं, हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या तिसऱ्या हिश्शाला राज्य विद्यापीठ आणि उरलेल्या सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज, अशी वाटणी झाली. पण कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांनी वरच्या विद्यापीठात जायचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. ते दार अजून उघडं आहे. विद्यापीठ साधारण दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्सफरवाला घेण्याचं लक्ष्य ठेवतं. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस तर ठरावीक विषय आणि गुण पुरे केले की प्रवेशाची हमीच देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस ती देत नाहीत, हे सांगायची गरज नसावी. कुठल्या कॉलेजातला कुठला विषय कुठल्या कॅम्पसवर कशाच्या बदल्यात चालेल, हे दाखवणारी ‘असिस्ट’ नावाची सरकारी यंत्रणा आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात २०१२ पासून क्रेडिटमागे ४६ डॉलर पडतात. ट्रान्सफरसाठी लागणारी ६० क्रेडिटं म्हणजे २,७६० डॉलर. एवढ्यात अर्धी पदवी. मध्यमवर्गीय मराठी पालकाच्या मनात ‘कम्युनिटी कॉलेज म्हणजे दुय्यम’ असं काहीतरी असतं. त्याने हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

कॅलिफोर्नियाच्या आत हे जमतं, कारण दोन्ही टोकांना एकच राज्य आहे. देशभराचा हिशेब पाहिला की चित्र पालटतं. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था असलेल्या जीएओने २०१७ च्या अहवालात २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला. कॉलेज बदलताना सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेल्याचा अंदाज निघाला. म्हणजे दोन वर्षं शिकून आलेल्याचं जवळजवळ एक वर्ष वाटेतच गळालं. विषय तोच असतो, पुस्तकही कधी कधी तेच असतं. पण नवं विद्यापीठ म्हणतं, आमचा अभ्यासक्रम वेगळा आहे. यात दर्जाची काळजी किती आणि पुन्हा तेच विषय घ्यायला लावून फी मिळवण्याचा मोह किती, हे ज्याने त्याने ठरवावं. माझा संशय दुसऱ्याकडे झुकतो. फ्लोरिडाने सरकारी कॉलेजांच्या विषयांना राज्यभर एकसारखे क्रमांक देऊन हा वाद आपल्यापुरता बराचसा मिटवला आहे, म्हणजे तो मिटवता येतो.

दुसऱ्या खिडकीवर तर गळती नसते, थेट कोरी पाटी असते. समजा एक मुलगी नेवाडाहून कॅलिफोर्नियात आली. नोकरी करत, कागद जमवत, कम्युनिटी कॉलेजात स्थानिक ठरली, ४६ डॉलरच्या दराने शिकली आणि आता डेव्हिसला निघाली. कम्युनिटी कॉलेजने तिला स्थानिक म्हटलं, म्हणून डेव्हिसने म्हणावंच असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ स्वतःची तपासणी नव्याने करतं आणि त्याचे नियम, विशेषतः आर्थिक स्वावलंबनाचा, अधिक कडक आहेत. क्रेडिट तिच्याबरोबर येतात. रहिवास येत नाही. एकाच राज्याच्या दोन संस्था एकाच मुलीबद्दल दोन वेगळी मतं देऊ शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी कायदेशीर असतात.

म्हणून ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी क्रम महत्त्वाचा. आधी राज्यात या, मग काम, मग हवं तर अर्धवेळ कॉलेज, मग ट्रान्सफर. उलटा क्रम, म्हणजे आधी विद्यापीठात बाहेरचा म्हणून प्रवेश आणि मग वर्षभराने फी बदलून मागणं, हा बहुतेक ठिकाणी हरण्याचा डाव आहे. एकदा बाहेरचा म्हणून नोंद झाली की ती बदलण्याचं ओझं विद्यार्थ्यावर येतं. आणि बदललीच तर ती सहसा पुढच्या सत्रापासून लागू होते. भरलेले पैसे परत येत नाहीत. अर्जाची मुदत सत्राआधी असते आणि ती चुकली की पुरावा कितीही पक्का असला तरी थांबावं लागतं.

मराठी घरांत हा प्रश्न वेगळ्या दाराने येतो. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियाचा बे एरिया इथे एच-१बी व्हिसावर आलेली आपली हजारो कुटुंबं आहेत आणि त्यांची मुलं एच-४ वर वाढली आहेत. परदेशी माणूस ‘इथे कायमचं राहायचा इरादा आहे’ असं म्हणू तरी शकतो का, हा प्रश्न १९८२ च्या ‘टोल विरुद्ध मोरेनो’ खटल्यात आला होता. वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करणाऱ्यांची मुलं जी-४ व्हिसावर होती आणि मेरिलँड विद्यापीठ त्यांना स्थानिक मानायला तयार नव्हतं. न्यायालय म्हणालं, ज्यांना केंद्राच्या कायद्याने इथे कायम वस्ती करायची मनाई नाही, त्यांना राज्याने असं वगळू नये. १९९० च्या कायद्याने एच-१बी धारकालाही ग्रीन कार्डची इच्छा बाळगून राहायला मोकळीक दिली. म्हणून एच-४ वरचं मूल कित्येक राज्यांत स्थानिक फी भरू शकतं. एफ-१ विद्यार्थी व्हिसाचं मात्र उलट. मायदेशी घर आहे आणि परत जाणार आहे, असं सांगूनच तो मिळतो. मग त्याच माणसाने रजिस्ट्रारसमोर ‘इथेच राहणार’ म्हणणं म्हणजे एका सरकारला दिलेला शब्द दुसऱ्यासमोर मोडणं. म्हणूनच पुण्याहून थेट एम.एस. करायला आलेल्या मुलाने या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी खरी सवलत विभागातल्या असिस्टंटशिपमध्ये असते, जिच्यासोबत बरेचदा फी माफ होते.

खरी कोंडी होते ती एकविसाव्या वाढदिवशी. त्या दिवशी एच-४ वरचं मूल ‘मूल’ राहत नाही. भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की पाचवीत असताना वडिलांनी अर्ज केलेला असतो आणि मुलगी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आली तरी नंबर लागलेला नसतो. मग तिला एफ-१ घ्यावा लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या शाळेत शिकलेली, गणेशोत्सवात लेझीम खेळलेली, बालपणाची एकही आठवण भारतातली नसलेली मुलगी कागदावर अचानक परदेशी विद्यार्थिनी होते आणि अनेक ठिकाणी तिची फीसुद्धा. विद्यापीठागणिक नियम वेगळे आहेत, त्यामुळे विसाव्या वर्षीच रजिस्ट्रारकडे लेखी विचारून ठेवणं शहाणपणाचं. आणि ट्रान्सफरचा विचार असेल तर तो त्या वाढदिवसाच्या अलीकडे उरकलेला बरा, कारण नवं कॉलेज नव्या कागदांवर निर्णय घेतं. एक सावधगिरीही सांगायलाच हवी. पुराव्यांच्या यादीत मतदार नोंदणी दिसते, म्हणून नागरिक नसलेल्याने ती करायला जाऊ नये. फी वाचवायच्या नादात तो गुन्हा ठरेल आणि पुढे ग्रीन कार्डच धोक्यात येईल.

अशा घरांवर नोकरकपातीची लाट आदळते तेव्हा आणखी एक पेच पडतो. वडिलांची नोकरी जाते, दुसरी डॅलसला मिळते, घर हलतं. टेक्साससुद्धा बारा महिने मागतं. बारावीच्या वर्षात घर हललं तर मूल जुन्या राज्यात सहसा स्थानिक राहत नाही आणि नव्या राज्यात अजून झालेलं नसतं. त्या वर्षी कम्युनिटी कॉलेज किंवा एक वर्षाचा विराम, यापैकी काहीतरी निवडणारी कुटुंबं हिशेबात चुकत नाहीत.

हा सगळा प्रकार परका वाटत असेल तर इंदूरची एक गोष्ट सांगायला हवी. होळकरांच्या त्या मराठमोळ्या शहरातल्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात त्या वेळच्या मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून वर्षाला १,५०० रुपये कॅपिटेशन फी घेत. सरकारने नेमून पाठवलेल्यांकडून १,३००. राज्यातल्यांना माफ. दिल्लीचे रहिवासी असलेले डी. पी. जोशी हे विद्यार्थी त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५५ च्या जानेवारीत बहुमताने निकाल त्यांच्या विरोधात लागला : राज्यघटना जन्मस्थानावरून भेद करायला मनाई करते, रहिवासावरून नव्हे, आणि आपल्या तिजोरीतून चालणाऱ्या कॉलेजात राज्याने आपल्या लोकांना सवलत देणं गैर नाही. हा निकाल अमेरिकी निकालाच्या अठरा वर्षं आधीचा. महाराष्ट्रात आज डोमिसाइलसाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, शिवाय अनेक अभ्यासक्रमांना दहावी-बारावी राज्यातून झालेली हवी. आपला कारकून इराद्याच्या वाटेला जात नाही. तो रेशनकार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला मागतो. पंधरा वर्षांपुढे अमेरिकेचं एक वर्ष उदार वाटतं, पण मनातलं सिद्ध करायला न लावण्यातही एक सोय आहे.

अमेरिकी राज्यांनी आपापसांत काही वाटाघाटीही केल्या आहेत. न्यू इंग्लंडमधली सहा राज्यं १९५७ पासून एकमेकांच्या मुलांना फीत सूट देतात. दक्षिणेतल्या राज्यांचं ‘अॅकेडमिक कॉमन मार्केट’ १९७४ पासून आहे. आपल्या राज्यात नसलेला विषय शेजारी शिकायला मिळतो, स्थानिक दराने. पश्चिमेत स्थानिक फीच्या फार तर दीडपट घेण्याचा करार आहे. राजधानी वॉशिंग्टनचं दुखणं निराळं : ते राज्यच नाही, मग तिथली मुलं कुठली? १९९९ मध्ये संसदेने त्यांच्यासाठी वेगळं अनुदान सुरू केलं. पण या सगळ्यांत मला फ्लोरिडा आवडतं. २०२१ मध्ये त्याने ठरवलं की ज्याचे आजी किंवा आजोबा फ्लोरिडात राहतात, अशा परराज्यातल्या हुशार नातवंडांना बाहेरची जादा फी माफ, राज्यभरात मिळून ३५० जणांपर्यंत. निवृत्तांनी भरलेल्या राज्यात हा नियम सुचणं साहजिकच. आजोळच्या आधाराने शिकायची आपल्याकडची जुनी रीत अमेरिकेत थेट कायद्यात शिरलेली पाहून गंमत वाटते. ट्रान्सफरवाल्याला मात्र त्यात जागा नाही. हायस्कूल संपताच थेट फ्लोरिडाच्या विद्यापीठात पूर्णवेळ जाणाऱ्यालाच सवलत मिळते. आधी दुसरीकडे दोन वर्षं काढली की आजोबा असून नसल्यासारखे.

राज्यांच्या मनात भीती कसली आहे, हे १९९९ च्या ‘साएन्झ विरुद्ध रो’ निकालात जाता जाता बोललं गेलं. प्रकरण होतं नव्याने आलेल्यांना वर्षभर कमी सरकारी मदत देण्याच्या कॅलिफोर्नियाच्या नियमाचं. न्यायालयाने तो रद्द केला, पण मदतीचे पैसे इथेच खर्च होतात आणि घटस्फोट किंवा पदवी या गोष्टी मात्र घेऊन परत जाता येतात, असा फरक सूचित केला. पदवी सामानात बसते, म्हणून दाराशी तपासणी.

न्यूयॉर्कने तपासणी दाराशी तर ठेवलीच, शिवाय बाहेर पडतानाही लावली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या एक्सेल्सियर शिष्यवृत्तीत वर्षाला १,२५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या स्थानिक कुटुंबातल्या मुलांना सरकारी कॉलेजात फी नाही. अट अशी की जितकी वर्षं शिष्यवृत्ती घेतली, तितकी वर्षं पदवीनंतर न्यूयॉर्कमध्ये राहायचं. नाही राहिलात तर शिष्यवृत्तीचं कर्ज होतं. इराद्याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा राहूनच दाखवा, असा हा रोखठोक व्यवहार. आणखी एक अट आहे, वर्षाला ३० क्रेडिट पुरी करण्याची आणि पदवी वेळेत संपण्याच्या मार्गावर असण्याची. कॉलेज बदलताना नव्या कॉलेजने जुनी क्रेडिटं नाकारली की हा हिशेब बिघडतो. पहिल्या खिडकीवर गळालेले दोन-तीन विषय मग दुसऱ्या खिडकीवर हजारो डॉलरचं बिल होऊन समोर येतात. म्हणून न्यूयॉर्कमध्ये कॉलेज बदलू पाहणाऱ्या मुलाने प्रवेशपत्राच्या आधी मागावा तो कागद एकच : आपले कुठले विषय पदवीत धरले जाणार आहेत, याची नव्या कॉलेजने लेखी दिलेली यादी.